आबांच्या नावाची रीथ

सांगू की नको, सांगू की नको करत इतके दिवस काढले. पण आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाकडून तरी तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान मीठ तरी बेताचं पडेल. चहा घ्या आधी, आणि मधे हसू नका. म्हणजे हसाच, पण मी थांबेन तेव्हा हसा.

तर पहिली ओळख. माझं नाव सुवार्ता. म्हणजे चांगली बातमी. नवऱ्याचं नाव शांतवन. म्हणजे सांत्वन. असतात हो आम्हा ख्रिस्ती लोकांत अशी नावं! लग्नात चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते, "ज्या घरात सुवार्ता आणि शांतवन एकत्र नांदतात, त्या घराची पायरी दुःख आपणहून चढत नाही." अगदी खरं बोलले ते. आपणहून नाहीच चढलं. मी फोन करून घरपोच मागवलं.

आम्ही नाशिकरोडला, जेल रोडवर राहतो. माझं खाली पार्लर आहे. मुलगी नोकरीला दुबईत, तिला नाताळची सुट्टी मिळाली नाही. घरात आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत. आणि तिकडे नांदगावला माझे सासरे, आबा, एकटे. रेल्वेतून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले. सासूबाई गेल्या तेव्हापासून माणूस हलायलाच तयार नाही. दर नाताळला आम्ही बोलवायचं आणि दर नाताळला ते म्हणायचे, "तुमचं तुम्ही करा. मी बरा हाय हितं."

या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, म्हणाले, "येतो. चोवीसला सकाळच्या गाडीनं. करमलं तर राहीन. नाय करमलं तर सांजच्या गाडीनं माघारी."

मी फोन ठेवला आणि शांतवनला म्हटलं, "आता आबांना परत जाऊ द्यायचं नाही. कायमचं इथेच ठेवायचं."

"कसं?"

"ते माझ्यावर सोड."

हे वाक्य मी बोलले की शांतवन मनातल्या मनात प्रार्थना करतो. ओठ हललेले दिसतात मला.

माझा विचार असा होता. आबा येत नाहीत, कारण नाताळ म्हटला की त्यांना आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची आठवण येते. आईंच्या हातच्या करंज्या, आईंनी उंच काठीला बांधलेली चांदणी, आईंचं ते पहाटे उठून सगळ्यांना अंघोळीला पिटाळणं. म्हणजे काय करायला हवं? आठवणच येता कामा नये! सगळं नवीन करायचं. आपल्या घराच्या नव्या परंपरा सुरू करायच्या. आहे की नाही डोकं? मानसशास्त्र शिकले असते तर कुठल्या कुठे गेले असते.

नव्या परंपरा कुठून आणल्या? मोबाईलवरून. एका परदेशी बाईचा व्हिडिओ होता. तिचं घर, तिचं झाड, तिची मुलं, सगळं असं लखलखीत की माझी नजर आमच्या टाइल्सच्या फटींमधून फिरून आली. ती सांगत होती, नाताळच्या दिवशी सगळ्या घराने एका रंगाचे कपडे घाला. मोबाईल कपाटात कुलूपबंद करा. आणि दाराला ताज्या हिरव्या पानांची गोल रीथ लावा, तिच्यावर घराण्याचं नाव.

मी सगळं ठरवून टाकलं. करंज्या रद्द. मोबाईल कपाटात. कपडे पांढरे, कारण आबा जन्मभर पांढरं सोडून काही घातलेले नाहीत, म्हणजे त्यांना वेगळं काही सांगायला नको. आणि दाराला रीथ.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, तुमच्यात कुणाला माती द्यायची असते तेव्हा फुलांचं ते गोल ठेवतात ना? ठेवतात की. मी स्वतः कितीजणांच्या कबरीवर ठेवलंय. पण त्याला आम्ही चक्र म्हणतो! चक्र म्हणजे मातीचं आणि रीथ म्हणजे नाताळची, अशी माझ्या डोक्यात पक्की वाटणी. दोन्ही एकच, हे सगळ्या नाशकाला ठाऊक होतं. मी सोडून.

तेवीसला संध्याकाळी मी आमच्या फुलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "रीथ? आम्ही हार-तोरणवाले, ताई. रीथ देवळाली कॅम्पात मिळेल. मिलिटरीला लागते ना." मला काय वाटावं? मिलिटरीवाले नाताळ अगदी साहेबी थाटात करत असतील! मी त्याच्याकडून कॅम्पातल्या दुकानाचा नंबर घेतला आणि लावला फोन.

"हॅलो, रीथ मिळेल ना? एकदम ताजी?"

"मिळेल, ताई." आवाज लगेच हळू झाला. "कधी पाहिजे?"

"उद्या सकाळी. घरी आणून द्याल?"

"देऊ ना. किती वाजता निघणार?"

"निघणार कुठे? येणार आहेत! नांदगावहून, गाडीने."

"अच्छा, तिकडून आणताय. प्रवास लांबचा आहे."

"हो ना, आणि त्यांना प्रवासाचा किती त्रास होतो."

"आता कसला त्रास, ताई. सगळ्या त्रासातून सुटले."

"तुमच्या तोंडात साखर पडो!" मी म्हटलं.

पलीकडे तो नुसता खोकला. मला वाटलं, सर्दी झालीय.

"नाव काय टाकायचं पट्टीवर?"

"याकोब दाजीबा साळवे. घरातले सगळ्यात मोठे तेच. ऐंशीच्या घरातले."

"पिकलं पान. कधी ना कधी गळणारच."

"नाही हं! पिकलं पान एकसुद्धा नको. सगळी हिरवीगार टाका."

"टाकतो. ख्रिश्चन ना? मधे क्रॉस करून देऊ?"

"अय्या, द्या की! आणि खाली समस्त साळवे परिवार असं पण लिहा."

"लिहितो. ताई, धीर धरा."

"धीरच तर धरवत नाहीये हो! किती वर्षं वाट बघतेय मी या दिवसाची!"

त्यावर तो खोल श्वास घेऊन म्हणाला, "अशाही सुना असतात." आणि मी खुशाल थँक्यू म्हटलं! मला वाटलं, कौतुक करतोय.

चोवीसला सकाळी आम्ही दोघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत निघालो. दोन्ही मोबाईल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. शेजारच्या पगारेकाकूंना मी सांगून ठेवलं, "काकू, आम्ही स्टेशनला निघालोय. आबांसाठी टेम्पोतून एक वस्तू येईल. तेवढी दारापाशी ठेवून घ्या." काय वस्तू ते सांगितलं नाही. सरप्राइज!

गाडी नेहमीप्रमाणे लेट. आम्ही प्लॅटफॉर्मवर चहा पीत बसलो. आणि इकडे काय झालं ते पगारेकाकूंनी मला नंतर इतक्यांदा सांगितलंय की आता मला ते डोळ्यांनी बघितल्यासारखंच वाटतं.

वस्तू आली. दोन माणसांनी धरून आणलेली. तीन पायांच्या स्टँडवर भलंमोठं गोल, पांढरी शेवंती, पांढरा निशिगंध, मधे क्रॉस. कडेने माझी हिरवी पानं होती हं! शब्दाला पक्का माणूस. आणि आडव्या जांभळ्या पट्टीवर चंदेरी अक्षरं. कै. याकोब दाजीबा साळवे यांना भावपूर्ण श्रद्धांजली. समस्त साळवे परिवार.

काकूंनी हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि मला फोन लावला. तर फोन बंद दाराच्या आत वाजतोय. शांतवनला लावला, तोही आतच. काकूंना वाटलं, बिचारे इतक्या घाईत धावले की फोनसुद्धा घरी राहिले. आणि दोघं पांढऱ्या कपड्यांत गेलेले तर काकूंनी स्वतःच पाहिलेले. आणखी काय पुरावा पाहिजे?

मग काय, आमची बिल्डिंग म्हणजे एरवी पाण्याच्या टाकीवरून भांडेल, पण वेळेला अशी धावते की बोलू नका. चेअरमन दाभाडेसाहेबांनी ग्रुपवर मेसेज टाकला. खाली लावलेली नाताळची लायटिंग बंद झाली. गणपतीत काढतो त्या लाल खुर्च्या पार्किंगमध्ये मांडल्या गेल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तीन घरांत पिठलं रटरटायला लागलं आणि भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या. कुणीतरी चर्चमध्ये निरोप धाडला. पाळकसाहेब रात्रीच्या उपासनेची तयारी सोडून स्कूटरवर आले. आणि रीथ, ती चार माणसांनी खाली आणून खुर्च्यांच्या समोर मधोमध उभी केली.

अशा वेळी आमची रिक्षा गेटपाशी थांबली.

शांतवन रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता. मी मागच्या बाजूने आबांची ट्रंक ओढत होते. आबांना दम कुठे! पिशवी काखेत मारून ते निघाले पुढे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना ओळखणारं कुणीच नाही. कधी आलेच नव्हते ना!

गेटवर वॉचमनने हात जोडले. आबा थबकले.

"कोण गेलं, भाऊ?"

"साळव्यांचे वडील, बाबा."

"कोणते साळवे?"

"तिसऱ्या मजल्यावरचे."

"अरेरे! वय काय होतं?"

"ऐंशीच्या घरात, म्हणतात."

"म्हंजे माझ्याच वारगीचे." आबांनी टोपी काढली. "अन् आपलेच साळवे! शांतवन काय बोलला नाय मला."

असं म्हणून ते सरळ जाऊन पुढच्या रांगेत, पगारेकाकूंच्या शेजारी बसले. काकू डोळ्यांना पदर लावून होत्या. आबांना राहवेना. नांदगावच्या चर्चच्या मंडळीत जन्मभर वडीलकी केलेला माणूस. डोळे मिटले, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "हे प्रभू, या दुःखी घराला शांतवन दे."

"येईलच तो," काकू हुंदका देत म्हणाल्या. "स्टेशनला गेलाय."

आबांनी एक डोळा उघडून बघितलं, पुन्हा मिटला आणि आमेन म्हणून टाकलं. पाळकसाहेब पुढे आले. "सलाम, बाबा. आपण नातेवाईक का? माती किती वाजता ठरलीय?"

"मला काय ठाव? मी आत्ताच आलोय."

तेवढ्यात त्यांची नजर समोर गेली. चष्मा पिशवीत होता. मान पुढे काढून, डोळे बारीक करून ते एकेक अक्षर लावून वाचायला लागले.

"या... कोब... दा... जीबा..."

मी ट्रंक घेऊन नेमकी तेव्हाच गेटातून आत आले. लाल खुर्च्या, बंद लायटिंग, पाळकसाहेब. आणि मधोमध माझी रीथ. तुम्हाला सांगते, माझ्या हातातली ट्रंक कधी सुटली आणि मागून आलेल्या शांतवनच्या पायावर कधी पडली, मला कळलं नाही. तो बोंबलला. सगळ्यांना वाटलं, दुःखाने बोंबलला. दाभाडेसाहेब धावत जाऊन त्याच्या गळ्यातच पडले.

"साळवे!" आबांनी वाचन पूर्ण केलं. "हे तर माझंच नाव हाय!"

पगारेकाकू खुर्चीसकट दोन फूट मागे सरकल्या. आबा उठले, पट्टीच्या अगदी जवळ गेले आणि बोट ठेवून ओरडले.

"अन् हे काय? कै.? कैलासवासी? मी प्रभूचा माणूस, मला कैलासात कुणी धाडलं?"

बघा माणूस! मेल्याचं काही नाही, पत्ता चुकला याचा राग!

मग मला सगळं सांगावं लागलं. व्हिडिओ, रीथ, पिकलं पान, धीर धरा, सगळं. सगळ्या बिल्डिंगसमोर, पांढऱ्या साडीत. सांगता सांगता मला रडू यायला लागलं आणि लोकांना हसू. पाळकसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. शांतवन पाय चोळत म्हणाला, "आबा, ती मनाने चांगली आहे हो." हे असं कुणाबद्दल म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहेच.

आबा हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि मला विचारलं, "सांजची गाडी किती वाजता हाय?"

झालं! ज्या एका गोष्टीसाठी सगळा घाट घातला, तीच हातातून निसटत होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि दोष द्यायलाही कुणी नाही. ती परदेशी बाईसुद्धा नाही, कारण तिने श्रद्धांजली लिही असं कुठे सांगितलं होतं?

वाचवलं ते पिठल्याने. तीन घरचं पिठलं-भाकरी तयार होतं, ते टाकायचं कुठे? पगारेकाकू म्हणाल्या, "माणूस गेला नाही, तर काय भाकरी वाया घालवायची?" तिथेच लाल खुर्च्यांवर पंगत बसली. आबांनी कांदा फोडला, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "बायबलातला लाजर मेल्यावर चवथ्या दिवशी उठला. मी त्याच दिवशी, जेवणाच्या टायमाला."

मग सगळी पार्किंग हसली. आबाही. पण सांजच्या गाडीचं काय ते बोलले नाहीत. वर आल्यावर पिशवी दारापाशीच ठेवली. मी सारखी त्या पिशवीकडे बघत होते. उघडतील तर शपथ.

दुपारी चहाबरोबर त्यांनी विचारलं, "करंज्या कुठंयत?"

"या वर्षी नाही केल्या, आबा."

"का बरं?"

मी खाली मान घालून सांगितलं. "तुम्हाला आईंची आठवण येऊ नये म्हणून."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरी, आठवण यावी म्हनून तर नाताळला इतक्या लांब आलो. घरात एकट्यानं आठवण काढून काढून थकलोय मी. तुमच्यासंगं काढावी म्हनलं."

मी उठले, मैदा काढला, पगारेकाकूंना हाक मारली. दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत करंज्या तळल्या. आबा स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि कातण नीट फिरव, सारण कमी पडलं, तुझी सासू मुरड घालायची, असं करत आमचं डोकं खाल्लं. शांतवन तर त्या दिवशी लंगडत लंगडत शीळ घालत होता. सांजच्या गाडीची वेळ त्या तळणीतच निघून गेली. पण पिशवी अजून दारापाशीच. मी आपली मनात म्हणाले, उद्याची गाडी आहेच की.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या सकाळी, आम्ही तिघं उपासनेला गेलो. आमच्याकडे पद्धत आहे, मंडळीत कुणी बाहेरगावचं आलं असेल तर पाळकसाहेब त्यांना उभं करतात आणि ते आपली ओळख देतात. पाळकसाहेबांनी पाहुण्यांना उभं राहायला सांगितलं आणि माझ्या शेजारचे आबा टोपी सारखी करत उठले. मी डोळे मिटून घेतले.

"सलाम, मंडळी," आबा म्हणाले. "मी याकोब दाजीबा साळवे, नांदगाव. काल वारलो."

सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. ज्यांच्या कानांवर आलं होतं ते हसत होते, ज्यांच्या नव्हतं ते शेजाऱ्याला विचारत होते. मी गीतांच्या पुस्तकात नाक खुपसलं.

"पाळकसाहेब म्हनले पाव्हण्यांनी उभं ऱ्हावा, म्हनून ऱ्हायलो. पन मी पाव्हणा नाय. तिकडं माझ्या मागं रडायला आता कोणी उरलं नाय. हितं ओळख ना पाळख, तरी लोकं रडली. मी सोता बघितलं. म्हनून मी आता हितंच ऱ्हाणार, माझ्या पोरापाशी अन् सूनबाईपाशी. मला तुमच्या मंडळीत घ्या."

टाळ्या पडल्या हो! शांतवनने डोळे पुसले. मी तर धाय मोकलून रडत होते, पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून मला रुमाल दिला. म्हटलं, सुवार्ता, जिंकलीस! कसं का होईना, जिंकलीस!

आबा बसायला वाकले, आणि पुन्हा उभे राहिले.

"अन् एकच विनंती हाय. माझी खरी येळ येईल ना, तवा फुलं शांतवननं आणावी. सूनबाईला सांगू नका. ती लय आधी आणते."